नाटकाची निवड : मराठी विभागांनी टाळलेली समीक्षा

महाविद्यालयात यंदा कोणते नाटक करायचे, हा प्रश्न मराठी समीक्षेने कधी आपला मानलेला नाही. कादंबरीच्या रूपबंधाची, कवितेतील प्रतिमासृष्टीची, साहित्याच्या देशीपणाची चर्चा आपण अनेक दशके केली. अभ्यासक्रमात कोणती पुस्तके नेमावीत यावरून अभ्यासमंडळांत खडाजंगी होते आणि ती कधीकधी वर्तमानपत्रांपर्यंतही पोचते. पण त्याच महाविद्यालयातील विद्यार्थी ज्या एका संहितेबरोबर दोन-दोन महिने राहतात, जी अंगात मुरेपर्यंत उच्चारतात, ती संहिता कोणी निवडली, कशाच्या आधारे निवडली आणि तिच्यासाठी काय नाकारले, याची नोंद कोठेही सापडत नाही. नाटकाची निवड ही समीक्षेची कृती आहे. ती कचेरीची, सांस्कृतिक समितीची किंवा बाहेरून बोलावलेल्या दिग्दर्शकाची सोय नव्हे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. अमरावती-अकोल्याच्या मराठी विभागांनी ही कृती आपल्या हातून जाऊ दिली, आणि तिच्या जाण्याची खंतही त्यांना वाटलेली दिसत नाही.

१९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे, म्हणजे बहुतांशी जुना वऱ्हाड, आज त्याच्या कक्षेत आहेत. या कक्षेतील विद्यार्थ्याला नाटक दोन वाटांनी भेटते आणि या वाटा एकमेकींना कोठेच मिळत नाहीत. एक वाट अभ्यासक्रमाची. तेथे नाटक म्हणजे नेमलेले पुस्तक : कथानक, व्यक्तिरेखा, संघर्ष, भाषाशैली आणि शेवटी 'शीर्षकाची समर्पकता'. दुसरी वाट युवा महोत्सवाची. तेथे नाटक म्हणजे एकांकिका : तीस मिनिटे, रंगमंचावर जास्तीत जास्त नऊ जण. त्याखालोखाल दहा मिनिटांचे प्रहसन आणि पाच मिनिटांचे मूकनाट्य. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवांतून आलेली ही मोजमापे खाली महाविद्यालयापर्यंत उतरली आहेत. वर्गात 'नटसम्राट' शिकवणारा प्राध्यापक आणि सभागृहात एकांकिका बसवणारा दिग्दर्शक यांची वर्षभरात गाठ पडत नाही. पडलीच तर ती हजेरीची सूट मागण्यापुरती.

स्पर्धेचा नियम हा केवळ व्यवस्थेचा नियम आहे, असे मानण्याची आपली प्रथा आहे. ती खोटी आहे. काव्यशास्त्राच्या सातव्या प्रकरणात ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या लांबीची चर्चा करताना स्पष्ट बजावले आहे, की स्पर्धेच्या सोयीने ठरणारी लांबी हा कलेच्या विचाराचा भाग नव्हे. शंभर नाटके एकदम स्पर्धेत उतरवायची झाली असती तर त्यांची मोजणी घटिकापात्रानेच करावी लागली असती. आपल्याकडे ते घटिकापात्रच काव्यशास्त्र झाले आहे. तीस मिनिटांत पात्राची ओळख, गुंता, धक्का आणि अंधार एवढे बसवायचे म्हटले की संहिता एका विशिष्ट साच्यात उतरते. पहिल्या मिनिटाला किंकाळी, मध्ये काळवेळाची उलटापालट, शेवटी ज्याला जिवंत समजत होतो तो मेलेला निघणे. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना असे रकाने असतात म्हणून प्रत्येक रकान्याला दाखवण्याजोगे काहीतरी हवे असते. त्यातून जी नाट्यकल्पना तयार होते ती विद्यार्थ्यांच्या मनात पक्की बसते. पुढे हेच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात 'महानिर्वाण' वाचतात आणि विचारतात : सर, यात क्लायमॅक्स कुठे आहे?

या साच्याचा सर्वांत क्लेशकारक उपयोग आमच्याच भागात झाला आहे. शेतकऱ्याची आत्महत्या हा वऱ्हाडातील स्पर्धा-एकांकिकेचा संकेत होऊन बसला. सावकार, कोरडी विहीर, लग्नाची मुलगी, मोनोक्रोटोफॉसचा डबा किंवा दोर, आणि मग तांबूस प्रकाशात थिजलेले चित्र. टाळ्या पडतात. ज्या मुलांच्या गावात, कधी घरातही, हे घडले आहे तीच मुले हे चित्र उभे करतात आणि त्या चित्रात त्यांच्या अनुभवाला शिरायला जागा नसते. कारण अनुभव लांब असतो : बँकेच्या चकरा, तेरवीचा खर्च, सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी विधवेने तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे. घटिकापात्रात यातले काहीच मावत नाही. मावते ते फक्त मरण.

याचा अर्थ स्पर्धा बंद कराव्यात असा नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाने मराठी रंगभूमीला किती नट आणि दिग्दर्शक दिले, हे मला शिकवण्याची गरज नाही. महेश एलकुंचवारांची सुरुवातही एकांकिकेनेच झाली. 'सुलतान' १९६७ साली 'सत्यकथे'त आली आणि 'होळी' तर महाविद्यालयीन वसतिगृहातच घडते. एकांकिका हा दुय्यम प्रकार नव्हे. पण परीक्षा हे शिक्षण नव्हे, तशी स्पर्धा हा नाट्यव्यवहार नव्हे. वर्षभरात तीन-चार नाटके एकमेकांसमोर ठेवून करणे, म्हणजे ज्याला हंगाम म्हणता येईल असे काही उभे करणे, ही वेगळी गोष्ट आहे. ज्या मुलखात 'हंगाम' हा शब्द कापूस-तुरीशिवाय उच्चारला जात नाही तेथे त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. एकच पीक वर्षानुवर्षे घेतले की जमिनीचे काय होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आता विविधतेविषयी. हा शब्द उच्चारला की समित्यांच्या डोळ्यांपुढे एक यादी उभी राहते. एक ऐतिहासिक, एक कौटुंबिक, एक विनोदी, एक लोकनाट्य. अलीकडच्या काळात त्यात एक 'दलित' आणि एक 'स्त्रीवादी'. पूर्वी जेवणावळीत पानाच्या डावीकडे चटणी-कोशिंबीर वाढत तशी ही वाढणी असते. यात दत्ता भगतांचे 'वाटा-पळवाटा' किंवा प्रेमानंद गज्वींचे 'घोटभर पाणी' निवडले जाते ते 'दलित नाटक' या खान्यात भरण्यासाठी. 'वाटा-पळवाटा' हे चळवळीतील तीन पिढ्यांच्या राजकीय विवेकाविषयीचे वादनाट्य आहे, ते गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळे'शेजारी ठेवून वाचायला हवे, हे मग कोणाला सुचतच नाही. खाने वेगळे असल्यामुळे ती नाटके एकमेकांशी बोलत नाहीत. अशी यादी वरकरणी उदार दिसते. प्रत्यक्षात ती प्रत्येक नाटकाला त्याच्या जागेवर बसवून ठेवते. मला अभिप्रेत असलेली विविधता प्रकारांची नाही. दोन नाटके शेजारी ठेवल्यावर त्यांतून जो प्रश्न निर्माण होतो आणि जो त्यांपैकी एकाही नाटकात एकट्याने नसतो, त्या प्रश्नाची ती विविधता आहे.

उदाहरण आमच्याच मातीतले घेऊ. एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचा. 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले ते मुंबईच्या 'कलावैभव'तर्फे, विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली. धरणगावच्या देशपांड्यांच्या घरात कर्ता पुरुष गेला आहे आणि दिवसकार्यासाठी मुंबईचा मुलगा बायकोला घेऊन आला आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे, आत दागिन्यांची पेटी आहे, शिकायला बाहेर जाऊ न दिलेली प्रभा आहे. या नाटकावर विपुल लिहिले गेले : सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास, वास्तववाद, चेकॉव्हशी नाते. तेराव्या दिवसाचा खर्च कोठून करायचा, गावजेवण घालायचे की नाही, हा या नाटकाचा अगदी ठोस आर्थिक प्रश्न आहे. पत राखण्यासाठी घातलेली ती तेरवी त्या घराला पुरती पोखरते.

त्याच्याशेजारी श्याम पेठकर यांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले 'तेरवं' ठेवा. यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांनीच भूमिका केल्या. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ब्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक लेखिकेचे निमंत्रण मागे घेतले गेले, वादळ उठले, आणि अखेर संमेलनाचे उद्घाटन ज्यांच्या हस्ते झाले त्या वैशाली येडे याच नाटकातील एक कलावंत होत. त्या प्रसंगाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने त्यातला अर्थ कोणी फारसा पाहिला नाही. एकाच जिल्ह्याच्या भूमीतून आलेली, एकाच विधीभोवती फिरणारी ही दोन नाटके आहेत. एकात वाड्याची तेरवी आहे, दुसऱ्यात वाड्याबाहेरची. एकात विधवा आई माजघरात बसून आहे आणि व्यवहार मुलगे ठरवतात; दुसऱ्यात विधवाच व्यवहाराचा हिशोब मागत पुढे येते. एका नाटकात प्रशिक्षित नटांनी वऱ्हाडी आत्मसात केली. दुसऱ्यात वऱ्हाडी बोलणाऱ्या बायकांनी अभिनय आत्मसात केला. ही दोन नाटके एका सत्रात करणाऱ्या महाविद्यालयाला वास्तववाद म्हणजे काय, प्रातिनिधिकता म्हणजे काय, आणि कोणाच्या दुःखाला मराठी रंगभूमीने शोकात्मिकेचा दर्जा दिला, हे प्रश्न टिपणे उतरवून शिकवावे लागणार नाहीत. एलकुंचवारांचे नाटक यात लहान होत नाही. उलट आजवर त्याच्या वाट्याला न आलेला एक वाचक त्याला मिळतो.

यातून भाषेचा मुद्दा येतो आणि माझ्या मते सगळ्या वादाची मेख तेथे आहे. मराठी रंगभूमीवर वऱ्हाडी बोली दीर्घकाळ हशासाठी राबवली गेली. गडी, हवालदार, खेड्यातून आलेला मामा यांनी 'काऊन' आणि 'लय' म्हटले की प्रेक्षागृहात खसखस पिकते. (लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'तील वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड, आणि त्यातली बोली मराठवाड्याची, पण त्या शीर्षकामुळे 'तुमची वऱ्हाडी फार गोड हो' असे सांगणारे लोक मला पुण्या-मुंबईत भेटले आहेत.) 'वाडा चिरेबंदी'चे मोठेपण असे, की त्यात या बोलीला शोक, संताप आणि अबोला पेलता येतो हे सिद्ध झाले. त्यापूर्वी पंचवीस वर्षे, १९६० साली, उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये कौतिकच्या तोंडी तेच सिद्ध केले होते. कादंबरीने जे केले ते रंगभूमीला करायला एक पिढी लागली. तरीही आजच्या महाविद्यालयीन मंचावर नायक प्रमाण मराठी बोलतो आणि त्याचा नोकर वऱ्हाडी. दिग्दर्शकाला विचारले तर तो म्हणतो, परीक्षक बाहेरचे असतात.

याला एक भौतिक कारण आहे आणि ते सैद्धांतिक चर्चेत येत नाही. तालीम संध्याकाळी असते. दर्यापूर, चांदूर बाजार, अकोट, मूर्तिजापूर या बाजूने पासवर येणारी मुले शेवटच्या एस.टी.च्या हिशोबाने उठतात. मागे उरतात शहरातली आणि वसतिगृहातली. मुलींच्या बाबतीत हा हिशोब आणखी आधी मिटतो. आमच्या मराठीच्या वर्गांत मुली अधिक, आणि मंचावर नऊ जणांत दोन. म्हणजे वऱ्हाडी ज्यांची बोली आहे ते बसमध्ये आणि वऱ्हाडीची नक्कल करणारे मंचावर, अशी ही वाटणी आहे. एका महाविद्यालयात मी सुचवले, की दुपारच्या तासिकांतच तालीम धरावी आणि ती नाटकाच्या अभ्यासपत्रिकेचा भाग मानावी. उत्तर मिळाले, की त्याने शिस्त बिघडेल. आता नव्या शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहअभ्यासक्रमीय उपक्रमांना श्रेयांक देण्याची वाट उघडली आहे. ज्या गोष्टीला वेळापत्रकात जागा नव्हती तिला ती मागता येईल. पण मागणार कोण? मराठी विभागाने मागितली नाही तर ती जागा आणखी एका 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिरा'ने भरली जाईल.

बोलीचा आग्रह धरणाऱ्या माझ्या मित्रांना येथे आनंद होईल. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. वऱ्हाडातल्या महाविद्यालयाने वऱ्हाडीच नाटके करावीत, संस्कृत आणि पाश्चात्त्य नाटकांचे ओझे फेकून द्यावे, हा देशीवादाचा स्वस्त अवतार आहे. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' घ्या. नायिका विदर्भाची राजकन्या. ती विदिशेच्या राजवाड्यात दासी म्हणून ओळख लपवून राहते. पाचव्या अंकात राजा अग्निमित्र विदर्भाचे दोन तुकडे करून दोन चुलतभावांत वाटतो आणि मधली सीमा ठरते वरदा नदी, म्हणजे आमची वर्धा. या नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड, हे आजचे भान एका संस्कृत नाटकाच्या राजकारणात बसलेले आहे. या नाटकात स्पर्धाही आहे. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाचा वाद विदूषकाने रचलेला, परीक्षक परिव्राजिका कटात सामील, हेतू एवढाच की राजाला मालविका पाहायला मिळावी. गणदासाच्या शिष्येचे नृत्य होते, वाहवा होते, आणि हरदत्ताची पाळी येते तेव्हा जेवणाची वेळ झाली म्हणून त्याचा प्रयोग पुढे ढकलला जातो. युवा महोत्सवात संघ घेऊन गेलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला हा अंक टीपेशिवाय समजेल.

भाषेच्या दृष्टीने तर हे नाटक खाणच आहे. राजा संस्कृत बोलतो, राणी आणि मालविका प्राकृत. बायकांत संस्कृत बोलते ती परिव्राजिका. रंगमंचावर कोणी कोणती भाषा बोलावी याचा नियम आपल्या परंपरेत किती जुना आहे! मराठीत करताना प्राकृताच्या जागी वऱ्हाडी घालायची काय? घातली तर विदर्भकन्येला तिची बोली परत मिळाली असे होईल, की पुरुषांची प्रमाण भाषा आणि बायकांची बोली ही जुनीच उतरंड आपण नव्याने रचू? शिवाय राणी धारिणीही प्राकृत बोलते. ती विदर्भाची नव्हे. माझ्याजवळ याचे उत्तर नाही, आणि ते तालमीशिवाय मिळण्यासारखेही नाही. असा प्रश्न ज्या संहितेतून उभा राहतो ती परकी कशी?

याच नाटकासमोर मी जोतीराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' ठेवीन. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले आणि ते छापून यायला १९७९ उजाडले. म्हणजे मराठी नाटकाच्या इतिहासात 'निवडी'चा पहिला मोठा बळी हाच. त्यातही विदूषक आहे. कालिदासाचा विदूषक राजाच्या सुखासाठी कट रचतो; फुल्यांचा विदूषक जोशीबुवाच्या हातून नाडल्या जाणाऱ्या कुणबी जोडप्याच्या बाजूने प्रेक्षकांशी बोलतो. विदूषक या संकेताचे काय झाले, तो कोणाच्या दरबारातून कोणाच्या अंगणात आला, यावर एक प्रबंध होऊ शकतो. गो. पु. देशपांड्यांचे 'सत्यशोधक' पुण्यातील महापालिका कामगारांनी अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ साली उभे केले. फुले रंगमंचावर कोणाच्या तोंडून बोलतात यालाही अर्थ असतो, हे तेव्हा दिसले. ज्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे तेथे हे सांगावे लागू नये. त्यांचे कीर्तन श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तरे काढून घेतच चालत असे. प्रेक्षकाला गप्प बसवणारी रंगभूमी या मुलखाची मूळ सवय नाही.

एक आक्षेप असा येईल, की हे सारे विद्यार्थ्यांना झेपणार नाही. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिले आणि ते विद्यार्थ्यांनी उभे केले. पुढच्या वर्षी धर्मांतराच्या वेळी नागपुरात त्याचा प्रयोग झाला. त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरातली ती शिकणारी पहिलीच पिढी होती. झेपण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे कोणी काढला नाही. झेपत नाही ते बहुधा आपल्याला : चार संहिता वाचून त्यांच्यातून दोन निवडणे आणि का निवडल्या हे लिहून देणे.

शेवटी एका गैरसोयीच्या नावाचा उल्लेख करतो, कारण तो माझ्या मांडणीत नीट बसत नाही. अमरावतीचे वीर वामनराव जोशी. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' १९१३ साली 'ललितकलादर्श'ने आणि 'रणदुंदुभि' १९२७ साली 'बळवंत संगीत मंडळी'ने रंगभूमीवर आणले. त्यांची पदे अजून गायली जातात. नाटके मात्र वऱ्हाडातल्या कोणत्या महाविद्यालयाने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आज ती नाटके अवघड वाटतात. भाषा अलंकारांनी जड, स्वगते लांब, पारतंत्र्याचे रूपक उघडे. त्यांच्याशेजारी ठेवायला मला नाटक सापडलेले नाही, आणि केवळ आमच्या गावचे म्हणून ती करावीत असे मी म्हणणार नाही. तो पुन्हा खाने भरण्याचाच प्रकार होईल. पण एखाद्या विभागाने त्यांचे अभिवाचन करावे, ती का उभी राहत नाहीत हे मंचावरच तपासावे आणि नकाराचे टिपण लिहून ठेवावे. 'तृतीय रत्न' नाकारणाऱ्यांनी आपली कारणे आपल्यासाठी ठेवली नाहीत. आमच्या विभागांनी एवढी तरी तयारी ठेवावी, की आपण काय नाकारतो ते पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना दप्तरातून काढून वाचता येईल.